गरम टायरची हवा

दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात मोडला तेव्हा मी सातवीत होते. बीडकडच्या पालीजवळ हायवेला आमची पंक्चरची टपरी होती. चार पत्रे, एक हवेची टाकी, पाण्याचं टिपाड आणि बसायला जुने टायर, एवढंच. ट्रकच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग सुटून उडाली आणि त्यांच्या उजव्या हातावर बसली. हात वाचला, पण त्या हातात पाना पुन्हा धरला गेला नाही. शेती आम्हाला नव्हतीच. दोन महिने टपरी बंद, घरात रोज भाकरी आणि माळावरची तरोट्याची भाजी. मला ती भाजी आजही खाववत नाही. लोक तिला आता पौष्टिक म्हणतात, म्हणोत.

मग एका सकाळी आईनं टपरी उघडली. पहिलाच ट्रकवाला म्हणाला, "बाई, दादा कुठायत?"

"घरी. चाक इकडं आणा."

"तुमी भरणार व्हय हवा?"

"हवा भरायला मिशा लागत्यात का?"

तो हसला आणि त्यानं चाक आणलं. पुढं दादा टपरीशेजारी खाट टाकून बसून सांगत गेले, आई हातानं करत गेली. वर्षभरात आई दादांपेक्षा तयार झाली, हे दादाच सांगायचे.

आईचा एक नियम होता. गरम टायरची हवा काढायची नाही. उन्हाळ्यात ड्रायव्हर लोक यायचे आणि म्हणायचे, "ताई, मीटर लई दाखवतंय, काढा की थोडी." आई त्यांना चहा द्यायची. "बसा. टायरलाबी दम खाऊ द्या." अर्धा-पाऊण तास गेला की मग मीटर लावायची. घाईतला माणूस चिडायचा, पण पुढच्या खेपेला आमच्याकडंच थांबायचा. मी विचारायचे, "काऊन काढायची न्हाई?" आई म्हणायची, "न्हाई म्हणलं ना. अभ्यास कर."

अभ्यास केला. बीडलाच मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. आमच्या घरात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिलीच. दुसऱ्या वर्षी पुस्तकात वाचलं की बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, आणि मला आईचा नियम पुस्तकात सापडल्यासारखं झालं. म्हणजे गरम टायरवर मीटर खोटं बोलतं, थंड टायरवर खरं. मी हे वर्गात उभं राहून सांगितलं. सरांनी मान डोलावली. मला वाटलं, टायरमधलं कळायचं ते आता सगळं कळलं.

पदवी हातात आली आणि सहा महिने काम मिळेना. तेव्हा कळलं की कडा गावाच्या पुढं एका बागायतदारानं आपल्या खडकाळ माळावर मोटारी पळवायचा ट्रॅक केलाय. ज्या माळावर कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं तिथं आता अकरा वळणांचा काळा कुळकुळीत रस्ता. रविवारी पुण्याहून, नगरहून लोक स्वतःची रोजची गाडी घेऊन येत, हेल्मेट घालून फेऱ्या मारत, आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरी जात. शर्यत नाही, बक्षीस नाही. मला हे ऐकूनच नवल वाटलं. मालकांना टायर आणि हवा बघायला माणूस हवा होता. मी गेले.

मालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पंक्चरवालीची पोरगी का तू? बरं. येत्या रविवारी ये. एक दिवस बघतो. जमलं तर काम तुझं. न्हाई जमलं तर चहा पिऊन घरी."

त्या एका दिवसावर सगळं होतं. दुसरं काम समोर नव्हतं आणि बीई होऊन टपरीवर बसायला माझी तयारी नव्हती. लाज नव्हती टपरीची, पण त्यासाठी चार वर्षं बसचे धक्के खाल्ले नव्हते.

रविवारी माझ्या वाट्याला पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम आल्या. दातांच्या डॉक्टर, वय पन्नाशीचं, लहान लाल गाडी. थंडीचे दिवस. मी दाराच्या आतल्या स्टिकरवर बघून चारी टायरांत तेहतीस पॉइंट हवा भरली. मॅडमनी पाच फेऱ्या मारल्या आणि आत आल्या.

"गाडी तरंगतेय," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन फेऱ्या छान. नंतर वळणावर शेंगांच्या ढिगावरून चालल्यासारखी घसरते."

मीटर लावलं. पुढचं डावं चाक, एकेचाळीस.

"काढ ना थोडी हवा," मॅडम म्हणाल्या.

"गरम टायरची हवा काढत नाहीत, मॅडम. अर्धा तास थांबू. चहा सांगते."

त्या भल्या होत्या, थांबल्या. अर्ध्या तासानं मीटरनं चौतीस दाखवलं. मी म्हटलं, "बघा, बरोबर आहे हवा." मॅडम पुन्हा गेल्या आणि तिसऱ्याच फेरीला गाडी घसरून रस्त्याबाहेर मातीत गेली. लागलं काही नाही. पण धुरळा असा उठला की मालक खुर्चीतून उठून आले.

"इंजिनेर बाई, ही काय पालीची टपरी हाय का, गिऱ्हाईकाला चहा पाजून बसवायला? लोक इथं पळायला आल्यात. दुपारपर्यंत बघतो, मग दुसरा माणूस बोलावतो."

मी बाजूला जाऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, बरोबर केलंस. ती म्हणाली, "गाडी जाणार कुठं हाय?"

"कुठंच नाही. गोल फिरून इथंच येणार."

"मग थंड कशाला करतीस?"

"तूच तर सांगायचीस."

"अगं, ट्रकवाला गरम टायरची हवा काढून जायचा पार नांदेडला. वाटंत टायर थंड झाला की हवा कमी. भरल्या ट्रकखाली टायर दबायचा, तापायचा, फुटायचा. माझ्या हाताला तो परत थोडाच गावणार? म्हणून न्हाई म्हणायची. तुझी गाडी तर तुझ्याम्होरंच हाय."

"मग हे मला तेव्हाच काऊन सांगितलं न्हाई?"

"तेव्हा तुला टायरवाली थोडीच करायची होती मला," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. समोर गिऱ्हाईक असणार.

मी तिथंच उभी राहिले. दहा वर्षं मी नियम पाठ केला होता, तो कशासाठी आहे हे स्वतः कधी नीट शोधलं नव्हतं. ट्रकला थंडपणी जी हवा लागते तिचा हिशोब पुढच्या दोनशे किलोमीटरचा. इथं मात्र टायर तापलेलाच असणार, वळण तापल्यावरच घ्यायचं, मग थंड टायरचा आकडा मला काय कामाचा? तापल्यावर किती हवी ते ठरवायचं आणि थंडपणी मुद्दाम कमी ठेवायची. एवढी साधी गोष्ट. मी भीती विसरले, कधी एकदा करून बघते असं झालं.

मॅडमना म्हटलं, "तीन फेऱ्या मारा, सावकाश, आणि न थांबता सरळ माझ्याकडं या."

त्या आल्या आल्या टायरवर तळहात टेकवला. मधला पट्टा चटका देत होता, कडा त्या मानानं कोमट. म्हणजे हवा जास्त होऊन टायर मध्ये फुगला होता आणि तेवढ्याच मधल्या पट्ट्यावर गाडी चालत होती. व्हॉल्व्हची पिन दाबली. फुस्स करत हवा गेली. चारी चाकं पस्तीसवर आणली. टायरच्या कडेला खडूनं आडव्या रेघा ओढल्या, वळणावर टायर किती वाकतो ते कळावं म्हणून. ही युक्ती मी कॉलेजात असताना मोबाईलवर कुठंतरी पाहिली होती आणि विसरले होते.

"आता?" पुन्हा फेऱ्या मारून परतलेल्या मॅडमना मी विचारलं.

"आता गाडी माझं ऐकतेय."

खडूच्या रेघा अर्ध्यापर्यंत पुसल्या होत्या, म्हणजे टायर बेताचाच वाकत होता. मला राहवेना. म्हटलं, अजून कमी केली तर? तीसवर आणली. मॅडम दोन फेऱ्यांत परत. "जड झाली गं. वळते मागाहून." खडू पार टायरच्या बाजूवरच्या अक्षरांपर्यंत पुसलेला, कडा चटका देणाऱ्या. म्हणजे खालची हद्दही सापडली. परत पस्तीस केली.

मग मोजताना एक गंमत दिसली. डावी चाकं उजव्यांपेक्षा जास्त तापत होती. मी पुठ्ठ्यावर ट्रॅकचं चित्र काढलं. अकरांपैकी आठ वळणं उजवीकडची. गाडी उजवीकडं वळली की भार डावीकडं पडतो. म्हणून थंडपणी डाव्यांत अठ्ठावीस आणि उजव्यांत तीस ठेवायची, तेव्हा तापल्यावर चारी सारखी. जेवणानंतर गाडी गार झाली होती, तेव्हा मी तेच आकडे भरले. मालक मागं उभे होते.

"दोन बाजूला दोन हवा? चुकली का काय?"

"फेऱ्या झाल्यावर मीटर तुम्हीच लावा."

सहा फेऱ्यांनंतर त्यांनी स्वतः वाकून मीटर लावलं. पस्तीस. पस्तीस. मागं चौतीस, चौतीस. चारी चाकांना दुसऱ्यांदा लावलं. मग विचारलं, "आणि ह्या आता पुण्याला अशाच जाणार का? अठ्ठावीसवर?"

"नाही. गार झाल्यावर परत तेहतीस. त्याशिवाय मी गेटबाहेर सोडत नाही."

संध्याकाळपर्यंत मॅडमच्या सगळ्या फेऱ्या झाल्या. गाडी परत एकदाही रस्ता सोडून गेली नाही. जाताना त्यांनी पुठ्ठ्याचा फोटो काढून घेतला. मालक म्हणाले, "पुढच्या रविवारी सातला ये."

आज त्या ट्रॅकवर येणाऱ्या प्रत्येक गाडीची हवा मी ठरवते, आणि मला विचारल्याशिवाय तिथं कुणी पिन दाबत नाही.