सगळी मापं एका बैठकीत

गायधनींच्या घरातले बाकीचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, यजमानांकडून पिंडदान करवून घेत आले. ढुंढिराज मात्र अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे शाफ्ट मोजायला गेले. एका कारखान्यात एकतीस वर्षं ते तपासनीस होते. नापास मालाला लाल चिठ्ठी बांधायची, पास मालाच्या कागदावर सही करायची. त्या सहीवर शाफ्ट पार जर्मनीपर्यंत गेले, पण ती करताना ढुंढिराजांना कुणी शपथ घ्यायला लावली नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी सहादू नावाच्या टर्नरचा एकच शाफ्ट तीनदा परत पाठवला होता. आधी लांबी चुकली म्हणून, मग जाडी, मग खाच. तिसऱ्या खेपेला सहादूने तो शाफ्ट त्यांच्या टेबलावर शांतपणे ठेवला.

"साहेब, काय काय चुकलंय ते येकदाच सांगा ना. म्हंजे मीबी येकदाच शिव्या देतो."

ढुंढिराजांना हे पटलं. तेव्हापासून त्यांनी नियम केला की एक चूक सापडली म्हणून थांबायचं नाही. सगळी मापं एका बैठकीत घ्यायची आणि सगळ्या चुका एकाच चिठ्ठीवर लिहायच्या. या नियमाने त्यांना कारखान्यात मान मिळाला. कारखान्याबाहेरही तो चालतो अशी त्यांची समजूत निवृत्तीनंतर सात वर्षं टिकली.

चार वर्षांपूर्वी कसारा घाटातल्या अपघातात त्यांची मुलगी मृण्मयी आणि जावई दोघेही गेले. नात वल्लरी आजी-आजोबांकडे आली. शाळेच्या कागदांवर 'पालक' या शब्दापुढे ढुंढिराज सही करत आणि कोणत्या अधिकाराने करता, असं कुणी विचारत नसे. पण वल्लरी पळायला लागली, इतकी जोरात की बारावीत असताना कोलंबोच्या डिसेंबरातल्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. त्यासाठी पासपोर्ट हवा होता, पासपोर्टसाठी पालकाची सही, आणि आजोबा हे पालक आहेत असं म्हणायला कोर्टाचा हुकूम.

वकील अंजली पगारे यांनी जूनमध्ये अर्ज दाखल केला. त्यांच्या मते काम दोन-तीन तारखांचं होतं. वडिलांकडचं जवळचं माणूस एकच, वल्लरीचे अमेरिकेतले मोठे काका मयुरेश. त्यांची हरकत नाही एवढं लेखी आलं की झालं.

मयुरेश सरळ माणूस. सही करण्याआधी त्याने वल्लरीला फोन करून, तिला खरंच आजोबांकडेच राहायचंय ना, हे अर्धा तास विचारून घेतलं. मग एक पानभर मजकूर लिहिला आणि खाली, 'हे सर्व खरे आहे, खोटे ठरल्यास मी शिक्षेस पात्र राहीन' असं लिहून सही केली. त्यांच्याकडच्या कोर्टात एवढं पुरतं. भाडेकरूच्या भानगडीत त्याने स्वतः असाच कागद दिला होता, नोटरी नाही, शपथ नाही.

जुलैच्या तारखेला तो कागद परत आला. शपथ नाही.

"त्यांच्याकडे तसा कायदाच आहे, म्हणून तिथे चालतं," अंजलीबाईंनी समजावलं. "आपल्याकडे शपथ देण्याचा अधिकार असलेल्या माणसासमोर घेतली तरच ते ॲफिडेव्हिट. काका, ते खरं बोलतायत हो, पण कुणासमोर बोलले ते कागदावर नाही."

ढुंढिराजांना आपलं स्वतःचं ॲफिडेव्हिट आठवलं. कोर्टाबाहेरच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून बसलेल्या नोटरीसमोर त्यांनी शपथेसाठी उजवा हात वर केला होता. नोटरीने मान वर न करता, "झेरॉक्स त्या बाजूला," असं सांगून शिक्का मारला होता. त्या ॲफिडेव्हिटला कुणी हरकत घेतली नव्हती.

दुसरा कागद मयुरेशने तिथल्या नोटरीसमोर रीतसर शपथ घेऊन केला. ऑगस्टमध्ये हरकत निघाली की हा नोटरी कोण ते आम्हाला काय माहीत. त्याच्यावर तिथल्या सरकारचा अपॉस्टिल नावाचा दाखला हवा. हे मात्र ढुंढिराजांना पटलं. ज्या गेजने माल मोजायचा ते गेज बरोबर आहे याचाही दाखला लागतोच. त्यांना पटलं नाही ते एवढंच, की हे जुलैमध्येच का सांगितलं नाही.

तिसरा कागद दाखल्यासकट आला आणि ऑक्टोबरात अडकला. मसुदा अंजलीबाईंच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा होता. त्यात शेवटी 'आज रोजी नाशिक येथे' असं कायमचं बसलेलं होतं. मयुरेशने 'नाशिक' खोडून आपल्या गावाचं नाव लिहिलं होतं. खाडाखोड झाली, आणि खाडाखोडीवर सही नव्हती.

"राहू द्यायचं होतंस रे तसंच," ढुंढिराज फोनवर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"काका, शपथ घेऊन पहिलंच वाक्य खोटं कसं लिहू?"

ढुंढिराजांनी फोन ठेवला. स्वयंपाकघरातून वल्लरीची आजी, अनसूयाबाई, म्हणाल्या, "अहो, त्या सहादूचे तळतळाट लागले तुम्हाला."

त्या रात्री ढुंढिराजांनी पट्टी-पेन्सिल घेऊन एक तक्ता आखला. चौदा रकाने होते. कागदाचा आकार, भाषा, शपथेचे शब्द, ठिकाण, तारीख, ओळख कुणी पटवायची, शिक्का, दाखला, असं सगळं. प्रत्येकापुढे 'काय हवे' आणि 'काय आहे' यांना जागा. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या ऑफिसात जाऊन त्यांनी तो टेबलामागच्या कारकुनापुढे ठेवला.

कारकुनाने तो बराच वेळ पाहिला. असं काही त्याच्या टेबलावर पूर्वी आलं नसावं.

"हे काय?"

"तपासणी तक्ता. तुम्ही फक्त 'काय हवे' तेवढं भरा. बाकीचं मी बघतो."

"काका, असं लिहून देत नसतो आम्ही."

"मग तोंडी सांगा."

"तोंडी सांगितलेलं आमच्यावर येतं. तुम्ही पेपर आणा, मग बघू."

"म्हणजे आधी चुकून आणायचा."

"तसं नाही," कारकून म्हणाला, आणि मग कसं, ते सांगण्यासारखं काही नसल्यामुळे त्याने चहा मागवला. ढुंढिराजांना अर्धा कप दिलाही. माणूस वाईट नव्हता. त्याने तक्ता आखणीची तारीफ करून परत केला.

शेवटी तक्ता अंजलीबाईंनी भरून दिला, आणि भरता भरता त्यांच्याच लक्षात आलं की मयुरेशने तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन अधिकाऱ्यासमोर शपथ घेतली तर नोटरीचा प्रश्नही नाही आणि दाखल्याचाही नाही. हे जूनमध्ये सुचलं असतं तर, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

वकिलातीची वेळ डिसेंबरातली मिळाली. संघाची यादी वीस नोव्हेंबरला बंद झाली. वल्लरीच्या जागी सुरगाण्याची वैष्णवी गेली. तिचा बाप द्राक्षाच्या कामावरून रजा टाकून जीपने आला, पालक म्हणून सही केली आणि परत कामावर गेला. वल्लरीने तिला आपले नवे स्पाइक्स दिले. घरी आल्यावर ती आठ दिवस पळायला गेली नाही. ढुंढिराज पहाटे पाचला उठून सवयीने तिच्या दाराशी जात आणि हाक न मारता परत येत.

सहा जानेवारीला वकिलातीचा कागद आला. नऊला वल्लरी अठरा वर्षांची झाली. बाराला तारीख होती. मुलगी सज्ञान झाल्यामुळे अर्ज निकाली काढला, असा साडेतीन ओळींचा हुकूम झाला. तो वाचायला ढुंढिराजांना जेवढा वेळ लागला तेवढाही तो व्हायला लागला नव्हता.

"चला, आता तिला पालक लागतच नाही," कारकून आपुलकीने म्हणाला. ढुंढिराज चार वर्षं ज्या शब्दापुढे सही करत होते, तो शब्द त्याने असा एका वाक्यात मिटवला.

घरी येऊन त्यांनी वकिलातीचा कागद तक्त्याशेजारी ठेवला आणि चौदाही मापं घेतली. खोड एकही नव्हती. इतका निर्दोष माल त्यांच्या हाताखालून एकतीस वर्षांत फार थोडा गेला होता. त्यांनी तक्त्याखाली सही केली, दोन्ही कागद एकत्र टाचले आणि ठेवून दिले.

फेब्रुवारीत वल्लरीने पासपोर्टचा अर्ज स्वतःच भरला. आई-वडिलांविषयी द्यायचं निवेदन तिने छापून आणलं आणि आजोबांपुढे धरलं.

"नोटरी?" त्यांनी विचारलं.

"नको म्हणतात, आबा. साध्या कागदावर चालतं. मी लिहून दिलेलं पुरे."

"शपथ?"

"तीपण नको."

ढुंढिराजांनी तो कागद दोनदा वाचला. त्याच्या शेवटी मयुरेशच्या पहिल्या कागदापेक्षा वेगळं काहीच नव्हतं. वरचं सगळं खरं आहे, खोटं निघालं तर शिक्षा होईल. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ठिकाण काय लिहिलंयस?"

"नाशिक."

"मग कर सही," ते म्हणाले, आणि तिला आपलं पेन दिलं.