राजपालच्या फलकावरची चौथी ओळ

आसेगावच्या बसथांब्याला लागून राजपाल टेलरचं दुकान आहे आणि दुकानाच्या भिंतीवर एक काळा फळा. गाव त्याला वार्ताफलक म्हणतं. बावीस वर्षं झाली, त्यावर राजपालच लिहितो. कोणी नेमलेलं नाही, मानधन नाही, खडूही त्याच्याच पदरचा. अक्षर मात्र असं की शाळेतल्या गुरुजींनी त्याच्यासमोर खडू हातात धरू नये.

सकाळच्या एसटीनं मंगरूळपीरहून पेपर येतो. राजपाल तो पायरीवर बसून वाचतो, ओल्या फडक्यानं फळा पुसतो आणि चार ओळी लिहितो. तीन ओळी जगाच्या, चौथी गावाची. जगात युद्ध होवो की निवडणूक, चौथी ओळ गावाचीच. विजेची लाइन किती वाजता येणार, रेशन कधी वाटणार, कोण वारलं, कोणाची गाय हरवली. स्वतःचं मत त्यानं कधी लिहिलं नाही. कोणी फारच छेडलं तर म्हणायचा, "माह्यं काम शिवाचं आहे भाऊ, फाडाचं नाही."

आता सगळ्यांच्या हातात फोन आहेत, फळा कोण वाचतो, असं तुम्ही म्हणाल. सगळ्यांच्या हातात फोन आहेत हीच शुद्ध थाप आहे. तांड्यावरच्या भुरीबाईकडे नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. मुलगा-सून बाहेरगावी कामाला, घरी ती आणि शाळकरी नात. रोज सकाळी आठला नात तिला हाताला धरून थांब्यावरच्या हॉटेलात दूध घालायला आणते आणि शाळेत जाण्याआधी फळा वाचून दाखवते. आजीबाई मान डोलवत सगळं जग ऐकून घेते आणि तांड्याच्या वाटेला लागते. वाट पायाखालची आहे, म्हणून डोळ्यांवाचून निभतं.

तर त्या गुरुवारी पेपरात पहिल्याच पानावर बातमी होती. आपल्या एका मोठ्या नेत्याला परदेशातला फार मानाचा पुरस्कार मिळाला. नेत्याचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की तुम्हीही भांडाल. राजपालनं ती बातमी पहिल्या ओळीत लिहिली. चौथ्या ओळीत लिहिलं, 'डोळ्यांच्या शिबिराची गाडी शुक्रवारऐवजी आज, नऊ वाजता, इथूनच.' आदल्या संध्याकाळी आरोग्य खात्याच्या आशाताईनं, नितानं, त्याला तसा निरोप दिला होता.

सात वाजता दौलतराव आले. ते त्या नेत्याचे भक्त. त्यांनी फळा वाचला आणि म्हणाले, "नुसता पुरस्कार काहून लिवला? अभिमानाची गोष्ट आहे, तसं लिव ना."

त्यांच्या मागोमाग कृषी केंद्रवाला हरीओम आला. त्यानं पेपरचं सातवं पान उघडून सगळ्यांसमोर धरलं. त्या देशातल्याच काही विद्वानांनी या निवडीला जाहीर विरोध केला होता. "हे बी छापलं आहे. मंग अर्धीच बातमी कायले लिवता?"

तासाभरात वीस-पंचवीस माणसं जमली. पुरस्कार कोणत्या देशाचा हे त्यांतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं, पण भांडायला भूगोल लागत नाही. मी समोर चहा पीत होतो. फुकटचं भांडण चालू असलं की मला राहवत नाही, हा माझा जुना दोष. कप घेऊन मीही गर्दीत जाऊन उभा राहिलो.

राजपालला अर्धी बातमी हा शब्द लागला. बावीस वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नव्हतं. विरोधाची बातमीही लिहायची त्यानं ठरवलं. पण फळा भरलेला. दुसऱ्या ओळीत सोयाबीनचा भाव, तिसरीत पिकविम्याची मुदत. त्यानं फडकं घेतलं आणि चौथी ओळ पुसली. "गर्दी पांगली का परत लिवतो," असं पुटपुटला आणि तिथं विरोधाची बातमी लिहिली. झालं, दौलतराव भडकले. राजपाल त्यांची समजूत काढत राहिला आणि आठ कधी वाजले त्याला कळलं नाही.

भुरीबाई आली. नातीनं फळा वाचून दाखवला. पुरस्कार, भाव, विमा, विरोध. म्हातारीनं मान डोलवली आणि घरी गेली.

नऊला जीप आली, हॉर्न वाजला. नितानं यादीतली नावं पुकारली. भुरीबाईच्या नावाला ओ आली नाही. पाच मिनिटं वाट पाहून ड्रायव्हरनं गाडी काढली, त्याला अजून दोन गावं घ्यायची होती. निघतानाचा हॉर्न ऐकून राजपाल गर्दीतून बाहेर आला आणि त्यानं फळ्याकडे पाहिलं. पुढचं शिबिर तीन महिन्यांनी होतं.

दुपारी तो तांड्यावर गेला. मीही सोबत गेलो. भुरीबाई खाटेवर बसली होती. तिनं त्याला आवाजावरून ओळखलं. त्यानं काय झालं ते काही न लपवता सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "त्याले तं इनाम भेटलंच होतं बापा. तू लिवलं काय अन् नाही लिवलं काय. मले मातर तू लिवशीन तवाच समजते."

राजपालनं तिचे पाय धरले. तिनं त्याला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दौलतराव आणि हरीओम दोघंही सकाळीच हजर होते, पेपरात पुढे काय आलं ते पाहायला. फळ्यावर एवढंच होतं: 'काल शिबिराची सूचना पुसल्यामुळे भुरीबाईंची गाडी चुकली. पुसणारा मी. राजपाल.'

दोघांनी वाचलं आणि दोघं दोन दिशांना गेले.

पुसणारा राजपाल होता, हे खरं. पण पुसण्याआधी ती ओळ मी वाचली होती. भुरीबाई आली तेव्हा तिला फळ्याजवळ जाता यावं म्हणून बाजूला सरकून वाट देणारा मीच होतो. तिचे डोळे मला दिसत होते. कान मात्र दौलतरावांच्या बोलण्याकडे होते, आणि मी तिला काही सांगितलं नाही.

खडू दुकानाच्या खिडकीतच पडलेला होता. तो उचलून राजपालच्या नावाखाली माझं नाव लिहायला हवं होतं. मी चहा प्यायला गेलो.