दोरी ओढणारं माणूस

शाहूपुरीची नवी पेठ बसत होती, त्या महाराजांच्या काळातली ही गोष्ट. आमचं सुताराचं घर. पाट, पाळणे, देव्हारे सगळं सोप्यातच व्हायचं. लाकडाला भोक पाडायला सामता होता. आबा, म्हणजे माझे वडील, तो उभा दाबून धरायचे आणि आई समोर बसून त्याला वेढलेली दोरी दोन्ही हातांनी आळीपाळीनं ओढायची. वडीलधाऱ्यांच्या देखत नवरा-बायकोनं बोलायची तेव्हा सोय नव्हती. सामत्याच्या घरघरीत मात्र दोघं हळूच बोलून घेत. आईला हसताना मी पाहिलं ते तिथंच.

पुढं आईला खोकला जडला. दोरी ओढताना धाप लागायची, तरी ती उठायची नाही.

एके दिवशी आबांनी पेठेतून विलायती गिरमिट आणलं. दातेरी चाकाचं, एका हातानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. आजोबांनी सागवानाच्या एकाच फळीवर दोन्ही चालवून बघायला लावलं. सामत्याचं भोक सरळ पडलं, गिरमिटाचं तिरकं गेलं.

"सामताच बरा की," आजोबा म्हणाले. "ह्ये कशाला पायजे तुला?"

बायकोला धाप लागते, हे बापासमोर म्हणायचं म्हणजे बाईलवेडा ठरायचं. आबा खाली बघून म्हणाले, "ह्येला समोर माणूस लागत न्हाय."

दोरी ओढून झाल्यावर आई दाराआड जाऊन उभी राहिली होती. तिनं सामत्याची दोरी सोडवून नीट गुंडाळली, खुंटीला अडकवली आणि चुलीपुढं जाऊन बसली. "माझं काम सरलं बग, पोरी," एवढंच मला म्हणाली.

त्याच थंडीत ती गेली. गिरमिट आणण्याचं खरं कारण आबांनी मला सांगितलं ते त्यानंतर. तिला का सांगितलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. पण सांगणार कुठं? दोघांना बोलायला एकच जागा होती, आणि ती त्यांनीच स्वतःच्या हातानं बंद केली होती. त्या मेल्या रीतीचा मला अजून संताप येतो.

गिरमिट पुढं कोपऱ्यातच गंजलं. आईचे दिवस घातल्यावर आबांनी खुंटीवरची दोरी काढून सामत्याला वेढली आणि मला आईच्या जागी बसवलं.

"दमलीस तर सांग गं," ते म्हणाले.

मी अजून दोरीला हातही लावला नव्हता.