पान्यांची पिशवी

आमच्या घरात अक्षरओळख पत्रकांवरून झाली. वडील पार्ल्याहून रोज मुलुंडच्या कारखान्यात कारकुनीला जायचे आणि उरलेला सगळा वेळ युनियनला द्यायचे. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असत. 'आंबा' वाचण्याआधी मी 'निषेध' वाचायला शिकलो, असं आई सांगते. त्या कागदांत पिळवणूक होती, एकजूट होती, विश्वासघातसुद्धा होता. हेवा कुठेच नव्हता. त्यामुळे बाविसाव्या वर्षी मला हेवा वाटायला लागला तेव्हा मी त्याला तत्त्व समजलो.

मामाने नाशिकला बदली होताना त्याची जुनी मोटारसायकल मला दिली. ती घेताना तात्त्विक अडचण आली होती. ती मी आठवड्याभरात सोडवली. सभांना जायला बसने दीड तास लागतो, कार्यकर्त्याचा वेळ मोलाचा असतो, असं वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "घे. पण उगाच हिंडू नकोस." मी महिन्याभरात हिंडणाऱ्यांच्या क्लबात गेलो.

क्लब अंधेरी पूर्वेला, हायवेजवळच्या एका गॅरेजात भरायचा. बारा गाड्या, आणि बाराही मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या. मिस्त्री म्हणजे गॅरेजचे मालक, पन्नाशीचे, कमी बोलणारे. शनिवारी संध्याकाळी सगळे आपापला प्लग काढून घासत बसायचे, चहा यायचा, कोणाचं घर बदलायचं असेल, कोणाच्या आईला इस्पितळात न्यायचं असेल, ते तिथेच ठरायचं. एप्रिल-मेमध्ये दर रविवारी पहाटे राईड. कुठे जायचं ते फक्त मिस्त्रींना ठाऊक. ते कोणालाच सांगायचे नाहीत.

मग बारा गाड्या एका ठिकाणी कशा पोचायच्या? त्याची एक रीत होती. मिस्त्री सगळ्यांत पुढे. वळण आलं की ते आपल्या मागच्या गाडीला हाताने खूण करायचे. तो माणूस तिथेच थांबायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला वळण दाखवायचा. सगळ्यांत मागची गाडी ठरलेली असे. ती दिसली की त्याने निघायचं. फाट्यावर कोणी उभं नसेल तर सरळ जायचं. एवढाच नियम. नकाशा नाही, पत्ता नाही, पण चार वर्षांत एकही गाडी हरवली नव्हती.

ती मागची गाडी कायम एकाचीच असायची. त्याच्या खांद्यावर खाकी कॅनव्हासची पिशवी, आत नट-बोल्ट आवळायचे पाने, क्लचची वायर, प्लग, पंक्चरचं सामान. वाटेत कोणाची गाडी बंद पडली की तोच थांबायचा, दुरुस्त करायचा, धीर द्यायचा आणि त्या माणसाला पुढे घालून आणायचा. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. वडील गिरणीत होते. संपानंतर ते मालवणकडे गावी गेले आणि हा कांदिवलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. राहायला जोगेश्वरीला, चुलत्याकडे. त्याची गाडी माझ्या गाडीहून जुनी होती आणि पहिल्या किकला चालू व्हायची.

मला ती पिशवी हवी होती. हे आज इतक्या सरळ लिहितो, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं. मिस्त्री कोणाची स्तुती करत नसत, पण निघताना ती पिशवी स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर अडकवायचे, आणि मी तोंड फिरवून उगाच माझ्या गाडीला किक मारत बसायचो. क्लबात बँकेतले एक काका होते, काकू त्यांच्या मागे बसून यायच्या. डबा उघडला की काकूंची पहिली हाक त्याला. त्याने काही सांगितलं की सगळे हसायचे. मी काही सांगितलं की सगळे ऐकायचे. या दोन्हींतला फरक मला चांगला कळत होता.

सगळ्यांत वाईट म्हणजे मला त्याला नावं ठेवता येत नव्हती. तो कोणा शेटचा मुलगा असता तर मी रान उठवलं असतं. पण आमच्या पत्रकांत ज्याच्याविषयी लिहिलेलं असे तो नेमका हाच होता. मी कामगारांवर तीन लेख लिहिले होते आणि कामगार माझ्यापुढे पिशवी घेऊन उभा होता.

एकदा तो माझी गाडी दुरुस्त करायला घरी आला. वडील बाहेर आले, त्याला कारखान्याचं विचारलं, आणि दोन तास दोघे जिन्यात उभे राहून बोलत होते. पाळ्या, ओव्हरटाइम, कॅन्टीन. वडील त्याला 'तुम्ही' म्हणत होते. माझे लेख वडील वाचायचे, पण लाल पेन्सिल घेऊन. त्या दोन तासांत त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती. तो गेल्यावर मला म्हणाले, "याच्याकडून काही शिक." मी त्या रात्री जेवलो नाही, पोट बिघडलंय म्हणालो.

मग मी पत्रक काढलं. युनियनच्या ऑफिसातल्या सायक्लोस्टाइलवर, वडील नसताना. वर ठळक अक्षरांत 'पिशवी कोणाची?' आणि खाली चार मुद्दे. एकाच माणसाकडे कायमची जबाबदारी म्हणजे मक्तेदारी. ती कोणी दिली, कोणाला विचारून दिली? बाकीचे सभासद कधी शिकणार? सबब, क्लबात आलेल्या क्रमाने प्रत्येकाची पाळी लावावी. एकेक मुद्दा खरा होता. आजही त्यातलं एक वाक्य मी मागे घेणार नाही. फक्त ते कशातून लिहिलं होतं ते वेगळं.

शनिवारी मी ते सगळ्यांना वाटलं. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "यावर सही करायचीय का?" मिस्त्रींनी हात पुसले, वाचलं, घडी करून खिशात घातलं. पुढच्या शनिवारी बोलू, म्हणाले. त्याने मात्र दोनदा वाचलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्याला लागावं अशी माझी इच्छा होती. तो म्हणाला, "झकास लिहितोस रे तू," आणि प्लग घासायला बसला.

दुसऱ्या दिवशी राईड. साडेपाचला निघालो. हायवेने बोरिवली, घोडबंदर, खाडीवरचा पूल, पुढे वसईच्या हद्दीतून उत्तरेला. त्या दिवशी मी मिस्त्रींच्या मागे होतो. शिरसाड फाट्यावर त्यांनी हात खाली करून मला खूण केली आणि उजवीकडे वळले. मी थांबलो. एकेक गाडी आली, मी वळण दाखवलं. आठ गाड्या गेल्या. दोन राहिल्या. काका-काकू, आणि तो.

वीस मिनिटं गेली. मे महिना, आठच वाजले होते, तरी डांबर तापायला लागलं होतं. फाट्यावर ताडगोळे विकणारी एक बाई होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. अर्धा तास झाला. काकांचं टायर पंक्चर झालं असणार, हे मला कळत होतं. मला पुढचंही सगळं दिसत होतं. तो रस्त्याकडेला उकिडवा बसलाय, काकू त्याच्या डोक्यावर पदर धरून उभ्या आहेत, तो काहीतरी सांगतोय आणि काका हसतायत. मग तो येणार, सगळ्यांना ती गंमत सांगणार, आणि मी इथे खांबासारखा उभा होतो याची आठवणही कोणाला राहणार नाही.

चाळीस मिनिटांनी मी गाडीला किक मारली. तेव्हा माझ्या डोक्यात आलेलं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. याला सगळंच येतं, मग वाटही सापडेल. शिरसाडपासून पुढे वज्रेश्वरीपर्यंत एकही वळण नव्हतं. मला एकट्याला येताना बघून परत पाठवायला पुढे कोणी उभंच नव्हतं.

वज्रेश्वरीला नदीकाठी सगळे झाडाखाली बसले होते. मिस्त्रींना पाठदुखी होती, म्हणून त्यांनी भर उन्हाळ्यात गरम पाण्याची कुंडं निवडली होती आणि त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा चालली होती. मी पोचलो तेव्हा मिस्त्री माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत होते.

"मागची गाडी?"

"येतेय," मी म्हणालो. "दहा मिनिटं."

थट्टा थांबली. दहाचे साठ झाले, मग दोन तास. मिस्त्रींनी दोघांना शिरसाडपर्यंत पाठवायचं ठरवलं आणि ते दोघे गाड्या वळवत होते, तेवढ्यात आवाज आला. काकांची गाडी पुढे, त्याची मागे. काकू काकांच्या नव्हे, त्याच्या मागे बसल्या होत्या, डोक्याला ओला रुमाल बांधून.

फाट्यावर कोणी नाही म्हणून ते नियमाप्रमाणे सरळ गेले होते. मनोरच्या रस्त्याला पंचवीस किलोमीटर. तिथे काकांची ट्यूब पुन्हा बसली. काकूंना उन्हाने चक्कर आली, त्यांना एका ढाब्याच्या खाटेवर निजवलं, वर पाणी मारलं. मग तोच काकांना म्हणाला की मागे फिरू. शिरसाडला ताडगोळेवालीने सांगितलं की गाड्या उजवीकडे गेल्या. हे मला नंतर काकांकडून कळलं. त्या वेळी त्याने गाडी स्टँडला लावली आणि कोणी विचारायच्या आत बोलला.

"मिस्त्री, चूक माझी. हा उभा होता फाट्यावर. मीच बोलण्याच्या नादात, गजालीत सरळ गेलो."

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मग खाली बसल्या, डबा उघडला आणि म्हणाल्या, "कोणाला भूक आहे की नाही?"

सगळे जेवले. मीही जेवलो.

नंतर तो नदीवर हातपाय धूत होता, तिथे मी गेलो. आभार मानायला नव्हे, भांडायला. खोटं का बोललास, असं विचारलं. तो पाय चोळत राहिला.

"मग काय सांगू? काकूंसमोर तुझी वाट लावू?"

"लावायची होतीस."

"आणि तुझं पत्रक?" तो म्हणाला. "फाटा सोडून पळणाऱ्याचं पत्रक कोण ऐकणार? ते बरोबर आहे रे. चार वर्षं मी सगळ्यांचा धूर खातोय. मलाही कधीतरी पुढे जायचंय ना. पण मिस्त्रींना सांगायला तोंड होत नाही, एवढ्या विश्वासाने देतात. तू लिहिलंस, बरं झालं."

मला जे मानाचं वाटत होतं त्याला तो धूर म्हणत होता. आणि जे मी द्वेषातून लिहिलं होतं ते त्याने प्रामाणिक धरून वाचवलं होतं. माझ्याकडे एक तत्त्व तेवढं उरलं होतं. तेही त्याच्याकडेच जास्त होतं. लाज वाटली, हे खरं. पण लाजेखाली हेवा तसाच होता, उलट वाढलेला, हेही खरं.

शनिवारी गॅरेजात बैठक भरली. मिस्त्रींनी माझं पत्रक खिशातून काढलं. ते काही बोलायच्या आत मी उभा राहिलो आणि सांगितलं, फाटा मी सोडला.

मिस्त्री म्हणाले, "ते त्याच दिवशी कळलं. फाट्यावरचा माणूस आला आणि त्याच्या पाठोपाठ मागची गाडी नाही, म्हणजे काय ते सांगावं लागतं का?"

अर्थात. रीतच तशी होती. मी पोचलो त्या क्षणी झाडाखालच्या प्रत्येकाला कळलं होतं, आणि दोन तास ते सगळे माझ्या 'दहा मिनिटां'शेजारी गप्प बसले होते. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. मिस्त्री म्हणाले, "तो म्हणाला ना, चूक माझी. पिशवी त्याच्याकडे होती. मागचा सांगेल ते खरं." मग म्हणाले, "आता पत्रकाचं बोल."

मी कागदाला हात लावला नाही. शेवटी त्यानेच कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. माझी वाक्यं त्याच्या तोंडी माझ्याहून चांगली वाटत होती. 'मक्तेदारी' शब्दावर तो स्वतःच हसला आणि सगळे हसले. काकांनी आधी हात वर केला, मग सगळ्यांनी. मी करावा की नाही या विचारात असताना काकू म्हणाल्या, "कर रे, तुझंच आहे." केला.

क्लबात आलेल्या क्रमाने, म्हणजे पहिली पाळी काकांची. माझी सगळ्यांत शेवटी. पाऊस लागायच्या आत ती येणं शक्यच नव्हतं. त्याने पिशवी उतरवली, काकांच्या खांद्यावर अडकवली, पट्टा एक घर आवळला आणि म्हणाला, "काका, घ्या, धूर खा आता." हात झटकले आणि चहा आणायला गेला. मी इतके दिवस जिच्यासाठी जळत होतो ती त्याने अशी उतरवून ठेवली. मला ते आजही जमत नाही, कोणतीच गोष्ट अशी खाली ठेवणं.

दुसऱ्या दिवशीच्या राईडला तो मिस्त्रींच्या मागे होता. वाटेतल्या एका नाक्यावर मिस्त्रींनी खूण केली आणि तो थांबला. मी तिथून वळलो तेव्हा त्याने मला हाताने वळण दाखवलं. एसटीच्या थांब्यावर चारपाच बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. तो त्यांना काहीतरी सांगत होता आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्याला थांबून पाच मिनिटंही झाली नव्हती. मी शिरसाडला चाळीस मिनिटं उभा होतो, आणि माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मीही कोणाशी बोललो नव्हतो.