चौथ्या लेव्हलची दरी

आमच्या घरात कुणी न पटणारं बोललं की त्याला विचारतात, "दरी पार केली का?" हे वाक्य माझं आहे. मी सातवीत असताना ते पहिल्यांदा म्हणालो, आणि ते कुणाला म्हणालो याचा त्रास मला तिशीत झाला.

मामांनी शिरूरच्या बाजारातून आम्हाला व्हिडिओ गेम आणून दिला होता. एक पिवळी कॅसेट आणि दोन रिमोट. एक रिमोट पहिल्याच आठवड्यात गेला. दुसऱ्याचं उडी मारायचं बटण दिवाळीच्या आत बसलं, ते परत वर आलंच नाही. कॅसेटमध्ये डोक्याला लाल फडकं बांधलेल्या एका गड्याचा खेळ होता. त्याच्या पहिल्या तीन लेव्हली शिड्यांच्या आणि बोगद्यांच्या, उडीवाचून व्हायच्या. चौथीत सुरुवातीलाच दरी होती आणि उडी मारल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. आमचा खेळ तिथेच संपायचा.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची शाळा सकाळची, माझी दुपारची. एका संध्याकाळी मी घरी आलो तर ती म्हणाली, "मी आज दरी पार केली."

"दाखव."

तिला दाखवता आलं नाही. गडी सात वेळा दरीत पडला. मी गल्लीभर सांगत सुटलो की माझी बहीण खोटारडी आहे.

पुढे ताईची शाळा बारावीला थांबली. मी शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स घेतलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ते एकट्याच्या जोरावर झालं नाही. लॅब बंद करायची वेळ झाली तरी चावी हातात घेऊन दारात थांबणारे सर होते, आणि माझी निम्मी जर्नलं ताईच्या अक्षरात होती. हे मी कधी विसरलो नाही. पण तिची चेष्टा करायचंही थांबलो नाही.

मागच्या वर्षी खुटबावला तिच्या घरी जेवायला गेलो होतो. पानावर बसल्या बसल्या तिच्या सासूबाईंना आणि दाजींना मी दरीची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. ताईही हसली, आणि चपाती आणायला आत गेली.

पाचसहा महिन्यांनी ती फोनवर बोलता बोलता म्हणाली, "विहिरीच्या मोटारीला जळका वास येतोय म्हणून मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, चौथी लेव्हल का? तिसऱ्या दिवशी मोटार जळाली." मग म्हणाली, "माहेरचं माहेरातच ठेवायचं असतं रं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. कंपनीत मशीनचे रिपोर्ट बघताना, गाडीवर, जेवताना, माझ्या डोक्यात तेच वाक्य फिरत राहिलं. उडी न मारता ती दरी पार होते की नाही, याचं उत्तर मला हवं होतं. होत असेल तर ताई खरी आणि मी तिच्या सासरी जाऊन तसं सांगणार. होत नसेल तर काय, हा विचार मी पुढे ढकलला.

हाताने खेळून हे कळणं शक्य नव्हतं. म्हणून आता आम्ही शेतात राहतो त्या वडगाव रासाईच्या वस्तीवर एक जुना कॉम्प्युटर मांडला. तो जुना खेळ कॉम्प्युटरवर चालतो, आणि पडद्यावर चित्र न दाखवता चालवला तर कितीतरी पट वेगाने पळतो. मी प्रोग्राम लिहिला: दर अर्ध्या सेकंदाला एक बटण निवडायचं, गडी मेला किंवा खेळ आधीच्याच स्थितीत परत आला की मागे यायचं, दुसरं बटण घ्यायचं. यात हुशारी काही नाही. सगळ्या वाटा तुडवायच्या, एवढंच. डावं, उजवं, खाली बसणं, गोळी मारणं, अशी चार बटणं घेतली तर दहा पावलांतच दहा लाखांवर वाटा होतात. पाचवी निवड धरली तर जवळजवळ एक कोटी. पाचवी म्हणजे काहीच न दाबणं. मी ती काढून टाकली. काही न करून कुणी दरी ओलांडतं का?

वस्तीवरच्या लाइटचा भरवसा नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विहिरीच्या मोटारीला ऑटो बसवलाय. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, कुणी पळत जायला नको. मी कॉम्प्युटरही तसाच लावला. लाइट आली की तो सुरू, आणि तो सुरू झाला की प्रोग्राम सुरू. मला याचं फार कौतुक वाटलं होतं.

रोज कामावरून आलो की चप्पल न काढता आधी पडद्यावरचा आकडा बघून वहीत लिहायचो. अकराव्या दिवशी सहज तो वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिला. मंगळवारी जितक्या वाटा तुडवून झाल्या होत्या, शुक्रवारी त्याहून कमी दिसत होत्या. मग उजेड पडला. मोटार बंद पडून सुरू झाली तरी विहिरीतलं पाणी तिथेच असतं. माझा प्रोग्राम मात्र लाइट आली की पहिल्या पावलापासून सुरू होत होता. अकरा दिवस तो त्याच त्या वाटा तुडवत होता.

आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी भिजलेल्याच वाफ्यात पाणी सोडीत व्हतास की."

झालेलं काम जपून ठेवायची सोय केली आणि पुन्हा लावलं. नऊ दिवसांनी पडद्यावर आलं: वाट नाही.

मी ताईला फोन लावला आणि ती "बोल" म्हणायच्या आत कापला. खुर्चीत बसवेना, उठलो तर कुठे जायचं कळेना. शेवटी प्रोग्राम काय काय करत होता ते तरी बघावं म्हणून पडद्यावर चित्र सुरू केलं. गडी काठावर येत होता, मागे पळत होता, खाली बसत होता, गोळ्या मारत होता. आप्पा दारात पाय धुवून आत आले आणि बघत राहिले.

"आरं, ह्यो एका जागी उभा का ऱ्हात न्हाई?"

"उभं राहून काय होणार, आप्पा?"

"मला काय ठावं. पर दारं धरून पिकाला पाणी देताना वाफा भरंस्तोवर उभंच ऱ्हावं लागतं. तुला ते कवा जमलं न्हाई."

मी पाचवी निवड घातली.

दोन दिवसांनी वाट सापडली. गडी काठावर जातो आणि थांबतो. दहा-बारा सेकंद काहीच करत नाही. मग मागून एक पक्षी येतो, जो चालत्या गड्याकडे कधी येतच नाही. खाली बसलं तर तो डोक्यावरून निघून जातो, गोळी मारली तर मरतो. नुसतं उभं राहिलं तर पाठीत धडकतो, आणि त्या धक्क्याने गडी दरीपलीकडे जाऊन पडतो.

रविवारी लॅपटॉप आणि एक नवा रिमोट घेऊन खुटबावला गेलो. भीमेच्या पुलावर गाडी किती पळवली ते सांगत नाही. ताई स्वयंपाकघरात शेंगा फोडत होती. मी तिथेच तिला चित्र दाखवलं. पक्षी धडकला तशी तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आईनं पाण्याला हाक मारली होती," ती म्हणाली. "नळाला तवाच पाणी आलं व्हतं. मी रिमोट खाली ठेवून दोन हंडे भरून आले, तर गडी पलीकडं. लगेच कशाला तरी आपटून मेला."

"मग तेव्हाच हे का सांगितलं नाहीस?"

"मी केलं असं आधीच म्हणून बसले होते. आन् तू कुठं विचारलंस? डायरेक्ट गल्लीत गेलास."

तिने पदराला हात पुसले. "रिमोट आणलाय न्हवं? चल बाहेर."

ओसरीवर सासूबाई आणि दाजी बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "मी ताईला खोटारडी म्हणत होतो. माझंच चुकलं होतं."

"असं व्हय पाव्हणं?" दाजी म्हणाले. "बघू तर."

ताईने गडी काठावर आणला आणि रिमोट दोन्ही हातांत नुसता धरून ठेवला. पडद्यावर काहीच हलेना. माझा पाय हलायला लागला.

"तू नीट बस," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

दाजी काहीतरी बोलणार होते. सासूबाईंनी त्यांना हाताने गप्प केलं. पक्षी आला, धडकला, गडी पलीकडे पडला.

सासूबाई दाजींकडे वळून म्हणाल्या, "मोटारीचंबी तिनं आधीच सांगितलं व्हतं."

"आता फुडं काय?" सासूबाईंनी ताईला विचारलं.

"फुडं मी कवा गेलेच न्हाई, आत्या," ताई म्हणाली, आणि तिने उजवीकडचं बटण दाबलं.