हॉलंडला पाठवलेला बांध

आमच्या पनवेलात नवी वस्तू विकत घेऊन सुखानं घरी नेणं ज्या एका माणसामुळे अशक्य झालं होतं, तो माझा शाळासोबती. नव्वदीच्या सुरुवातीचा काळ. प्लास्टिकची बादली असो की शेजाऱ्यांचा रंगीत टीव्ही, हा ती उलटीपालटी करून बघायचा आणि विचारायचा, "हे किती वर्षं टिकेल? आणि मोडल्यावर टाकणार कुठं?" माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून यानं मुलीच्या वडिलांना गंभीरपणे विचारलं, "तुमचं सांडपाणी कुठं जातं?" त्यांना वाटलं, हा नगरपालिकेतून आलाय. तरीही लग्न जमलं, हा सासऱ्यांचा मोठेपणा.

घर त्याचं खाडीकाठच्या गावात. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथं चिखलाचा बांध होता. उधाण येऊन गेलं की खचलेल्या जागी सगळ्या गावानं मिळून चिखल लिंपायचा, हे बघतच तो वाढला. पुढं इंजिनियर झाला आणि हॉलंडच्या एका तंत्रविद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती मिळाली. देशोदेशीची मुलं तिथं तंत्रज्ञान आणि टिकाऊपणा शिकायला येत. वडील म्हणाले, "टिकायचं शिकाया एवऱ्या लांब कशाला? आमी हितंच टिकलोय."

तिथं प्रबंधाला त्यानं विषय घेतला तो हाच बांध. समुद्र अडवण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या प्राध्यापकांना हा आमच्या चिखलाची थोरवी पटवायला निघाला होता, आणि त्यासाठी मोजमापं घेणार कोण, तर मी. पाणी किती चढलं आणि बांध किती खचला, हे दर उधाणानंतर पत्रानं कळवायचं. पहिल्याच रविवारी मी टेप घेऊन बांधावर उभा राहिलो, तर जमीन मोजायला सरकारी माणूस आला असं समजून गावच्या बाया कोयते घेऊन जमल्या. त्याच्या वडिलांनी मला सोडवलं. "नाय गो," ते म्हणाले, "ह्यो आपलाच येडा हाय."

दुसऱ्या वर्षी जमीन खरंच गेली. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर ठेवायला तिथं भराव पडला आणि बांध मुरुमाखाली गाडला गेला. प्रबंधाला तीन महिने उरले होते. वडील मला म्हणाले, "त्याला कलवू नको. शिक्षन सोरून धावत येल." मग मी घरी बसून, भरती-ओहोटीचं कोष्टक समोर ठेवून आकडे लिहू लागलो. इतकं काळजीपूर्वक खोटं मी आयुष्यात दुसरं कधी बोललो नाही. त्याचीही पत्रं येत राहिली, "पुढचे आकडे लवकर पाठव."

पदवी घेऊन तो परतला, तेव्हा एसटी स्टँडवरून मी त्याला रिक्षानं थेट तिथंच नेलं. वाटेत सगळं सांगून टाकलं. भरावाकडे बघत तो म्हणाला, "मला कळलं होतं. उधाणं तू बरोबर लिहायचास, पण तुझा बांध इंचभरही खचत नव्हता. चिखलाचा बांध असा असतो का कधी? ते आकडे मी प्रबंधात घेतलेच नाहीत."

खरं होतं. खचला असं लिहायला माझा हात धजला नव्हता.

"मग मागत का राहिलास?"

"तू पाठवत होतास ना, तोवर बांध होता."

मला रडू आलं. त्याला नाही आलं. ते तो तिकडेच, एकट्यानं, उरकून आला असावा.