कार्ड गिऱ्हाइकाच्या हातातच राहावं

माझं काम कोणाला सांगायचं म्हणजे पंचाईत होते. दुकानात कार्ड नुसतं टेकवून पैसे देता येतात ना, ते मशीन कसं असावं हे मी ठरवते. दिवा कुठे लागावा, आवाज किती मोठा असावा, मागे उभ्या असलेल्याला पिन दिसू नये म्हणून काय करावं. कंपनी पुण्यात आणि मी सोलापुरात, आईच्या फ्लॅटमध्ये. आई होती तोवर घरून काम करायला कारण होतं. ती गेली. घर राहिलं, काम राहिलं, कारण तेवढं गेलं. मीटिंग संपली की पडदा काळा होतो आणि त्यात माझंच तोंड दिसतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा माणसं असतात.

अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे वळायच्या आधी शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं एक छोटं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. सत्तरीच्या, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, बोलणं निम्मं कानडी निम्मं मराठी. पुढे काउंटर, मागे शेंगा भाजायची खोली. एका माणसाला चटणी लागून लागून किती लागणार? पण मी रोज सकाळी जायची, दुकान उघडताना, पहिलं गिऱ्हाईक म्हणून.

त्याला कारण होतं. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तो पैसा गल्ल्यात टाकण्याआधी कपाळाला लावायचा असतो. आता कार्डाने पैसे देणाऱ्याचं काय लावायचं कपाळाला? अक्कांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्या सरळ कार्ड मागून घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि स्वतःच मशीनवर टेकवायच्या. घेताना कार्डाबरोबर माझी बोटंही त्यांच्या मुठीत जायची. हात गरम असायचा, शेंगांच्या टरफलांनी खरखरीत. तो हात लगेच सुटायचा नाही.

"बर्री, या ताई. काल का आला न्हाईत? ताप हाय काय?"

"नाही अक्का, काम होतं."

"काम कुटं जातंय. तोंड उतरलंय की तुमचं."

एवढं बोलणं झालं की कार्ड परत यायचं. कोपऱ्याला विभूती लागलेली असायची, ती मी पुसत नसे. दिवसभरात मला माणसाचा स्पर्श व्हायचा तो एवढाच. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

पुढे कंपनीला नव्या मशीनची चाचणी खऱ्या दुकानात करायची होती. मी अक्कांचं दुकान सुचवलं आणि काउंटरजवळ स्टूल टाकून बसायला लागले. बसायला हक्काची जागा मिळाली याचा आनंद मशीनच्या आनंदापेक्षा मोठा होता. पण बसल्यावर दिसायचं ते दिसलंच. अक्का भवानीचंच नाही, सगळ्यांचंच कार्ड हातात घ्यायच्या. आणि मशीनने कधीमधी पिन मागितला की कारखान्यावर निघालेल्यांना म्हणायच्या, "नंबर सांगा की, म्या दाबते." लोकही सांगायचे. मागचे मोटरसायकली थांबवून ऐकायचे. अक्कांच्या दुकानात पिन ही कुजबुजायचीसुद्धा गोष्ट नव्हती.

आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे, कार्ड गिऱ्हाइकाच्या हातातच राहावं. मला तो तोंडपाठ. तरी पहिल्या अहवालात मी दिव्याबद्दल लिहिलं, आवाजाबद्दल लिहिलं, त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही. मग एका सकाळी टॉवेलच्या कारखान्यातल्या एका कामगाराने चाललेल्या मागांच्या खडखडाटावरून बोलायच्या सवयीने आपला पिन इतक्या मोठ्याने सांगितला की समोरचा चहावालाही वळून बघायला लागला. त्या कार्डावर त्याचा महिन्याचा पगार होता. माझा हात कोणीतरी घटकाभर धरतं म्हणून दुसऱ्याचा पगार उघड्यावर टाकायचा, एवढी मी उपाशी नव्हते. उपाशी होते, पण तेवढी नव्हते. त्याच दुपारी अहवालात ते लिहिलं.

लिहायचं तर धड लिहावं, म्हणून सगळंच केलं. मशीन काउंटरच्या बाहेरच्या कडेला पक्कं बसवलं, तोंड गिऱ्हाइकाकडे, बटणांवर आडोसा. चटणी-भाकरीच्या पाकिटांची चित्रं मशीनच्या पडद्यावर घातली. गिऱ्हाइकाने चित्र दाबायचं, कार्ड टेकवायचं, पाकीट उचलायचं. अक्का म्हणाल्या, "शेंगा करपत्यात वो सारखं हिकडं येऊन." म्हणून पैसे मिळाल्याची बोलती पेटी मागच्या खोलीत लावून दिली. अक्कांना कळेल अशा मराठीत बोलणारी. आवाज किती मोठा हवा तेही मीच ठरवलं.

नवं मशीन लागल्यानंतरच्या सकाळी मी नेहमीसारखी पहिली गेले. काउंटरवर कोणी नव्हतं. आतून शेंगा परतल्याचा आवाज येत होता. चित्र दाबलं, कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला. मी ठरवला होता तिथेच. आत पेटी बोलली, "चटणी एक पाकीट, पैसे मिळाले." दारातून अक्कांची पाठ दिसत होती. त्यांनी उलथनं डाव्या हातात घेतलं, उजवा रिकामा हात कपाळाला लावला आणि परत कढईकडे वळल्या. भवानी झाली.

"मिळालं वो," मागे न बघता त्या म्हणाल्या. "न्या."

बाहेर कोण आहे ते पेटी सांगत नाही. रक्कम सांगते, वस्तू सांगते. माणूस सांगावा असं डिझाइन करताना मला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी कंपनीने कशाला ठेवलं असतं.

हाक मारता आली असती. अक्का, मी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण मागे दोन मोटरसायकली येऊन थांबल्या होत्या, आणि अक्का किती निवांत शेंगा भाजत होत्या. कित्येक वर्षांत त्यांना सकाळी इतकी सवड मिळाली नसेल. मी पाकीट उचललं आणि बाजूला झाले. मागच्याने कार्ड टेकवलं. आतून त्यालाही तेच ऐकू आलं, "मिळालं वो, न्या."

घरी येऊन अहवाल भरला. गिऱ्हाइकाला थांबावं लागत नाही, असं लिहिलं. कार्ड टेबलावर होतं, चारही कोपरे स्वच्छ.